टेरे होटचा कौल



'कौल' हा शब्द आपल्या भाषेत दोन अर्थांनी चालतो. कोकणात देवाला कौल लावतात. फूल उजवीकडे पडले की होकार, डावीकडे पडले की नकार. निवडणुकीत मतदार जे सांगतो त्यालाही आपण कौलच म्हणतो. पहिल्या कौलात माणूस विचारतो आणि देव उत्तर देतो. पुढे काय होणार हे त्या माणसाला जाणून घ्यायचे असते. दुसऱ्या कौलात माणूसच उत्तर देतो, आणि ते पुढे काय व्हावे याचे असते. हे दोन अर्थ मुळात अगदी भिन्न आहेत, तथापि व्यवहारात त्यांची गल्लत फार होते. अमेरिकेतील एका लहानशा शहराच्या मतदानाविषयी अशी गल्लत कित्येक दशके होत आली. त्या शहराचा राजकीय इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे आम्ही योजिले आहे.

शहराचे नाव टेरे होट. इंडियाना राज्याच्या पश्चिम सीमेजवळ, वॉबॅश नदीच्या पूर्वकाठी ते वसलेले आहे. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ 'उंच भूमी' असा होतो. नदीचे पाणी चढले तरी जेथे पोचत नाही अशी ही जागा त्या बाजूने फिरणाऱ्या फ्रेंच लोकांनी हेरून ठेवली होती. १८११ साली विल्यम हेन्री हॅरिसन यांनी जवळच एक किल्ला बांधला, १८१६ साली गावाची आखणी झाली आणि १८१८ साली व्हिगो काउंटी स्थापन झाली. फ्रान्सिस व्हिगो या इटालियन व्यापाऱ्याने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंडखोर वसाहतींना पैशाचे साह्य केले होते. त्याचे नाव काउंटीला मिळाले. काउंटी म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढा मुलूख समजावा. २०२० च्या जनगणनेत या काउंटीची वस्ती एक लाख सहा हजारांच्या आसपास आणि शहराची अठ्ठावन्न हजारांच्या आसपास भरली. म्हणजे आपल्या मोजमापाने हे तालुक्याचेच गाव.

या गावाची ख्याती कशामुळे? तर १८८८ पासून २०१६ पर्यंत अमेरिकेत अध्यक्षपदाच्या तेहतीस निवडणुका झाल्या, त्यांपैकी एकतीस निवडणुकांत व्हिगो काउंटीने ज्याला अधिक मते दिली तोच अध्यक्ष झाला. चूक दोनदाच झाली. १९०८ साली देशाने टॅफ्ट यांना निवडले आणि व्हिगोने ब्रायन यांना. १९५२ साली देशाने आयझेनहॉवर यांना निवडले आणि व्हिगोने स्टीव्हन्सन यांना. १९५६ पासून पुढे तर ओळीने सोळा वेळा हिशेब जुळला. केनेडी, जॉन्सन, निक्सन, कार्टर, रेगन, थोरले बुश, क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा, ट्रम्प, ज्याच्या मागे देश गेला त्याच्या मागे हे गाव गेले.

ज्या इंडियाना राज्यात हे गाव आहे ते राज्य मात्र सहसा रिपब्लिकन पक्षाकडे झुकणारे. १९४० साली रूझवेल्ट, १९४८ साली ट्रूमन, १९६० साली केनेडी, १९७६ साली कार्टर, १९९२ साली क्लिंटन या प्रत्येकाला इंडियानाने नाकारले आणि व्हिगोने स्वीकारले. शेजारपाजारचे सर्व एका बाजूला जात असताना हे गाव दूरच्या बहुमताबरोबर जाई. निवडणूक जवळ आली की देशभरचे वार्ताहर येथे येत, उपाहारगृहांत बसून लोकांना प्रश्न विचारीत आणि 'टेरे होट काय म्हणते' यावर मजकूर लिहीत. थोडक्यात म्हणजे गावाचे देवस्थान झाले आणि लोक कौल लावू लागले.

येथे अमेरिकेच्या पद्धतीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तेथे अध्यक्ष थेट लोकांच्या एकूण मतांनी निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला निर्वाचकांची ठराविक संख्या दिलेली असते, आणि दोन राज्यांचा अपवाद सोडला तर राज्यात ज्याला अधिक मते त्याला तेथले सर्व निर्वाचक मिळतात. त्यामुळे देशात एकूण मते कमी मिळूनही १८८८ साली बेंजामिन हॅरिसन, २००० साली धाकटे बुश आणि २०१६ साली ट्रम्प अध्यक्ष झाले. मौज अशी की या तिन्ही वेळा व्हिगो काउंटीने त्यांनाच अधिक मते दिली होती. लोकांना हा चमत्कारच वाटावा यात नवल नाही.

आता चमत्काराची उकल करू. त्यासाठी या गावात कोण राहत होते ते पाहिले पाहिजे.

इंडियानाच्या दक्षिण भागात पहिली वस्ती झाली ती केंटकी, व्हर्जिनिया अशा दक्षिणेकडील राज्यांतून वर सरकलेल्या शेतकऱ्यांची. यांचा ओढा पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे. पूर्वेकडून राष्ट्रीय हमरस्त्याने आणि पुढे रेल्वेने जे लोक आले त्यांच्यात व्यापारी होते, कारखानदार होते. यादवी युद्धानंतर त्यांच्यातले पुष्कळजण रिपब्लिकन झाले. त्यांत जर्मन आले, आयरिश आले. भोवतालच्या कोळशाच्या खाणींनी पूर्व आणि दक्षिण युरोपातून खाणकामगार ओढून आणले. सीरियातून आलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती झाली. यादवी युद्धाच्या आधीपासून येथे शेती करणारी स्वतंत्र निग्रो कुटुंबेही होती. चॉन्सी रोझ नावाच्या रेल्वे बांधणाऱ्या धनिकाने १८७४ साली तंत्रशिक्षणाची संस्था काढली, त्याआधी १८७० साली शिक्षक तयार करणारे सरकारी विद्यालय सुरू झाले होते. मद्याचे गाळप, काचेचे कारखाने, रेल्वेच्या कर्मशाळा, खाणी, शेते, विद्यालये इतक्या गोष्टी एका काउंटीत नांदत होत्या. कोका-कोलाची ती सुप्रसिद्ध कमनीय बाटली १९१५ साली येथल्याच रूट कंपनीच्या काचकारखान्यात आकाराला आली.

तेव्हा गावात दोन पक्षांची पारडी जवळजवळ समतोल होती. देशातही ती तशीच होती. देशात लाट उठली की ती खाणकामगाराला लागे, शेतकऱ्याला लागे, दुकानदारालाही लागे. आणि हे तिन्ही येथे असल्यामुळे गावाचे पारडे देशाबरोबर हलत असे. या समतोलाला कोणी मध्यममार्ग म्हणेल, पण तो मध्यममार्ग नव्हता. दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या मताचे कट्टर होते. जोराने ओढणारे दोन गट सारख्या बळाचे असले की दोर मध्यावर स्थिर दिसतो. त्यावरून कोणी ओढतच नाही असे समजणे चूक होय.

किती जोराने ओढत होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे यूजीन डेब्स. अमेरिकेत समाजवादाचा सर्वांत मोठा पुढारी झाला तो या गावचा. त्यांचे आईबाप आल्सास प्रांतातील कोल्मारहून आलेले. यूजीन स्यू आणि व्हिक्टर ह्यूगो या दोन फ्रेंच लेखकांची नावे जोडून त्यांनी मुलाचे नाव यूजीन व्हिक्टर ठेवले. डेब्स यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५५ चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते रेल्वेच्या कर्मशाळेत रंग खरवडण्याच्या कामाला लागले, पुढे इंजिनात कोळसा घालणारे फायरमन झाले. १८७५ साली गावात फायरमन लोकांच्या संघाची शाखा निघाली, तिचे ते चिटणीस झाले. १८७९ साली ते नगरपालिकेचे कारकून म्हणून निवडून आले. हे तेथे निवडणुकीने मिळणारे पद आहे. त्यानंतर १८८४ साली ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले. हे सर्व डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार म्हणून, समाजवादी म्हणून नव्हे.

१८९३ साली त्यांनी सर्व रेल्वे कामगारांची एक युनियन बांधली. पुढच्याच वर्षी पुलमन डब्यांच्या कारखान्यातला संप देशभरच्या रेल्वेमार्गांवर पसरला. डेमोक्रॅटिक पक्षाचेच अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी फौज पाठविली, संप मोडला आणि डेब्स सहा महिने तुरुंगात गेले. तेथून परतल्यावर काही काळातच ते समाजवादी झाले आणि १९००, १९०४, १९०८, १९१२ आणि १९२० अशा पाच वेळा अध्यक्षपदाला उभे राहिले. १९१२ साली त्यांना सुमारे नऊ लाख मते पडली, एकूण मतांच्या सहा टक्के. पहिल्या महायुद्धाविरुद्ध १९१८ साली ओहायोतील कँटन येथे केलेल्या भाषणाबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली, आणि १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढविली. त्याही वेळी नऊ लाखांहून अधिक लोकांनी त्यांना मते दिली.

त्यांच्या गावाने काय केले? पाचांपैकी एकाही वेळी व्हिगो काउंटीने डेब्स यांना पहिल्या क्रमांकाची मते दिली नाहीत. १९१६ साली ते अध्यक्षपदाऐवजी घरच्या मतदारसंघातून काँग्रेसला उभे राहिले, तेथेही पडले. निवडून आले ते याच गावचे रिपब्लिकन वकील एव्हरेट सँडर्स, जे पुढे अध्यक्ष कूलिज यांचे चिटणीस झाले. १९२० साली व्हिगोने देशाबरोबर हार्डिंग यांना मते दिली, त्या वेळी डेब्स तुरुंगात होते.

पण पुढे काय झाले ते पाहा. १९२१ च्या नाताळात त्याच हार्डिंग यांनी डेब्स यांची उरलेली शिक्षा माफ केली. डिसेंबरच्या २८ तारखेला डेब्स गाडीने टेरे होटला उतरले, तेव्हा त्यांना नेण्यासाठी स्टेशनवर हजारोंचा जमाव लोटला होता. वर्षापूर्वी ज्यांनी हार्डिंग यांना मते दिली त्यांच्यातले कितीतरी लोक त्या जमावात असले पाहिजेत, कारण गाव काही इतके मोठे नव्हते. एखाद्याला मान देणे निराळे आणि मत देणे निराळे, हा भेद या लोकांना पक्का ठाऊक होता. आपल्या गावचा माणूस म्हणून त्यांनी त्याला खांद्यावर घेतले, आणि आपले मत म्हणून जे होते ते पेटीत वेगळे टाकले. यात ढोंग होते असे आम्हांला वाटत नाही. मतपेटीपाशी मनुष्य एकटा असतो, स्टेशनवर तो शेजाऱ्यांबरोबर असतो. दोन्ही ठिकाणी तो खराच असू शकतो. असो.

आता या इतिहासाचे काळे पान. देशाचा कौल अचूक सांगणाऱ्या या गावात एके काळी मतदानच शुद्ध नव्हते. १९१३ साली डॉन रॉबर्ट्स हा नगराध्यक्ष म्हणून निवडून आला. दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि पोलीस यांच्या बळावर त्याची सत्ता उभी होती. १९१४ च्या नोव्हेंबरातील निवडणुकीत तर त्याच्या टोळीने कहर केला. मतदार-नोंदणीत खोटी नावे शेकड्यांनी घुसडली, एकेका भाडोत्री माणसाने निरनिराळ्या नावांनी अनेकदा मते दिली, विरोधी पक्षाच्या देखरेख करणाऱ्यांना मारहाण झाली. स्थानिक न्यायालयात दाद मागावी तर तेथे बसलेला न्यायाधीशच टोळीतला.

या गैरकारभाराला वाचा फोडण्यात गावातील स्त्रियांचा मोठा वाटा होता. स्टेला स्टिम्सन या बाईंच्या पुढाकाराने स्त्रियांनी नोंदणीवर आणि मतदानकेंद्रांवर पाळत ठेवली, जे दिसले ते टिपून ठेवले. इंडियानात तेव्हा स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. ज्यांना मत नाही त्यांनी मताची राखण केली! अखेर मध्यवर्ती सरकारने हात घातला. शंभराहून अधिक लोकांवर आरोप ठेवण्यात आले. ऐंशीहून अधिक जणांनी गुन्हा कबूल केला, आणि १९१५ साली इंडियानापोलिस येथे न्यायमूर्ती अँडरसन यांच्यापुढे चाललेल्या खटल्यात आणखी सत्तावीस जण दोषी ठरले. त्यांत नगराध्यक्ष होता, शेरीफ होता, न्यायाधीश होते. रॉबर्ट्सला सहा वर्षांची शिक्षा होऊन लेव्हनवर्थच्या तुरुंगात पाठविण्यात आले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो. टेरे होटच्या अचूकपणाचा तक्ता जे मांडतात ते १९१२ आणि १९१६ या ओळी इतर ओळींसारख्याच लिहितात. मधल्या १९१४ सालाला त्या तक्त्यात जागाच नाही. अध्यक्ष कोण होणार हे गावाने बरोबर सांगितले की नाही, एवढेच त्या तक्त्याला विचारायचे असते. गावातल्या माणसाचे मत पेटीत त्याच्याच हाताने पडले की नाही, हा प्रश्न त्याला पडतच नाही. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न पहिल्याहून मोठा वाटतो.

दारूबंदी आली तेव्हा गाळपाचे कारखाने बसले. कोळशाच्या खाणींनाही १९२० नंतर उतरती कळा लागली. त्यातच १९२९ ची मंदी आली. १९३५ च्या मार्चमध्ये एनॅमलची भांडी करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात संप झाला. मालकांनी जुलैमध्ये बाहेरून पहारेकरी आणले, तेव्हा २२ जुलै रोजी गावातील युनियनांनी सार्वत्रिक संप पुकारला. दोन दिवस गावाचे व्यवहार ठप्प झाले. राज्यपाल पॉल मॅकनट यांनी फौज पाठवून काउंटीत लष्करी कायदा पुकारला. मॅकनट हे डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे. पुढल्या वर्षी सप्टेंबरात कम्युनिस्ट पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार अर्ल ब्राउडर भाषणासाठी आले, तर गावच्या पोलिसांनी त्यांना भटक्या म्हणून पकडून कोठडीत टाकले.

एवढे होऊनही १९३६ च्या नोव्हेंबरात व्हिगोने रूझवेल्ट यांनाच मते दिली. ज्या पक्षाच्या राज्यपालाने बंदुका आणल्या त्याच पक्षाच्या अध्यक्षाला कामगारांनी मत का द्यावे? आमच्या मते उत्तर साधे आहे. राज्यपालाने काय केले हे कामगाराने पाहिले होते, आणि युनियन करण्याचा हक्क मान्य करणारा १९३५ चा कायदा कोणाच्या सहीने झाला हेही त्याला माहीत होते. त्याने पक्षाचे नाव पाहून डोळे मिटले नाहीत. राज्य आणि मध्यवर्ती सरकार यांचा हिशेब त्याने वेगळा ठेवला.

याच १९३६ साली भविष्य सांगणाऱ्या दोघांची फजिती झाली, तीही येथे सांगण्याजोगी आहे. मेन राज्यात राज्यपालाची निवडणूक सप्टेंबरात होत असे, आणि 'जिकडे मेन तिकडे देश' असे म्हणण्याचा प्रघात होता. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुन्याच्या मतपत्रिका पाठवून, परत आलेल्या वीस लाखांवर पत्रिकांच्या आधारे रूझवेल्ट पडणार असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात विरोधी उमेदवार लँडन यांना मेन आणि व्हर्मांट ही दोनच राज्ये मिळाली. साप्ताहिक दोन वर्षांत बंद पडले. ज्यांना पत्रिका गेल्या त्यांची नावे बव्हंशी मोटारींच्या आणि टेलिफोनच्या याद्यांतून घेतली होती, म्हणजे मंदीच्या काळातही ज्यांच्याजवळ काही शिल्लक होते असेच लोक त्यांत फार. आणि उत्तर पाठवण्याची हौसही सर्वांना सारखी नव्हती.

मग टेरे होटचे भाकीत इतके का टिकले? त्याचा हिशेब असा. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. त्यांतल्या ज्या दोन पक्षांच्या मध्यावर उभ्या आहेत आणि देशाच्या लाटेबरोबर हलतात, त्या पुष्कळ वेळा बरोबर ठरणारच. इतक्या काउंट्यांत एखादीचा हिशेब फार काळ जुळत राहिला तर त्यात दैवी काही नाही. न्यू मेक्सिकोतील व्हॅलेन्सिया काउंटीचा हिशेब १९५२ पासून २०१६ पर्यंत एकदाही चुकला नव्हता. आपण मागाहून विजेत्यांकडे बोट दाखवितो. ज्या काउंट्या वाटेत गळल्या त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही.

आता अलीकडचा काळ. २००८ साली व्हिगोने ओबामा यांना सुमारे ५७ टक्के मते दिली. २०१२ साली ते पुन्हा पुढे राहिले, पण अगदी थोडक्या मतांनी. २०१६ साली ट्रम्प यांना येथे सुमारे ५५ टक्के मते मिळाली आणि ते पंधरा टक्क्यांच्या आसपास फरकाने पुढे गेले. आठ वर्षांत पारडे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेले. ट्रम्प अध्यक्ष झाले, तेव्हा गाव पुन्हा एकदा अचूक ठरले अशी वाहवा झाली. पण नीट पाहिले तर त्याच वर्षी बिघाड दिसत होता. देशभरच्या एकूण मतांत ट्रम्प दोन टक्क्यांनी मागे होते आणि येथे पंधरा टक्क्यांनी पुढे. बाजू जुळली, वजन जुळले नाही.

२०२० साली बाजूही जुळली नाही. देशाने बायडन यांना निवडले, व्हिगोने ट्रम्प यांना ५६ टक्क्यांच्या आसपास मते दिली. व्हॅलेन्सियाही चुकली. १९८० पासून २०१६ पर्यंत प्रत्येक वेळी बरोबर ठरलेल्या एकोणीस काउंट्या होत्या, त्यांपैकी अठरा या एकाच निवडणुकीत चुकल्या. उरली ती वॉशिंग्टन राज्यातील क्लॅलम. तीही २०२४ साली चुकली, आणि त्या साली व्हिगो मात्र ट्रम्प यांच्यामुळे पुन्हा विजेत्याच्या बाजूला दिसली. एवढ्यावरून गाव पुन्हा देशाचा आरसा झाले असे कोणी म्हणू नये. गाव जेथे गेले होते तेथेच राहिले; देश फिरून त्या बाजूला आला.

हे का घडले? ज्या गोष्टींनी गावात दोन पारडी समतोल ठेवली होती त्या एकेक करून गेल्या. शहराची वस्ती १९६० साली बहात्तर हजारांवर होती, ती साठ वर्षांत चौदा हजारांनी घटली. खाणी गेल्या, रेल्वेच्या कर्मशाळा गेल्या. १९८४ साली अमेरिकेत तयार झालेली पहिली काँपॅक्ट डिस्क येथल्या कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा गावाला नवी उमेद आली. २०१८ साली तेथे तबकड्या करणे थांबले. २०१२ साली इंडियानाने युनियनची वर्गणी कामगारावर बंधनकारक करता येणार नाही असा कायदा केला. युनियन ही मजुरीची मागणी करणारी संस्था असते, तशीच ती मत बनविणारी शाळाही असते. संध्याकाळी सभागृहात जमून उमेदवारांविषयी वाद घालणारे लोक पांगले की मत घराघरांत, टेलिव्हिजनसमोर बनू लागते.

दुसरे कारण देशाच्या बाजूचे आहे. पूर्वी अमेरिकेत मत पुष्कळसे धंद्यावर ठरे. अलीकडे ते शिक्षणावर आणि वस्तीवर ठरू लागले आहे. महाविद्यालयात शिकलेले, मोठ्या शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत राहणारे लोक एका बाजूला. लहान गावांतले, पदवी नसलेले गोरे कामगार दुसऱ्या बाजूला. टेरे होटमध्ये विद्यापीठे आहेत, तरी काउंटी बहुतांशी गोरी आणि कामकरी आहे. देशातली वस्ती मिश्र होत गेली, ही काउंटी तितकी झाली नाही. देशाचा सरासरी मतदार येथून निघून दुसरीकडे राहायला गेला, असे म्हणा.

एक गोष्ट मात्र या सर्वांना पुरून उरली. २०२३ च्या नोव्हेंबरात नगराध्यक्षाची निवडणूक झाली. सोळा वर्षे पदावर असलेल्या रिपब्लिकन नगराध्यक्षांना हरवून ब्रँडन सॅकबन हे सैन्यातून परतलेले, तिशीच्या आतले तरुण डेमोक्रॅट निवडून आले. पुढल्याच वर्षी याच गावाच्या काउंटीने ट्रम्प यांना मते दिली. १९२० चे हार्डिंग आणि १९२१ चे स्टेशन ज्यांना आठवते त्यांना यात विसंगती वाटणार नाही. रस्ते, पाणी आणि गटारे यांचा हिशेब एका ठिकाणी, देशाचा हिशेब दुसऱ्या ठिकाणी, ही या लोकांची जुनी सवय आहे.

तात्पर्य काय? आपल्याकडेही निवडणूक आली की 'वारे कोणते आहे' हे विचारण्यासाठी लोक गावोगाव हिंडतात, आणि अमुक मतदारसंघ ज्याचा, राज्य त्याचे, असे ठोकताळे चावडीवर ऐकू येतात. त्यात करमणूक आहे, ती कोणी जरूर करावी. पण ज्या गावाला असा ठोकताळा चिकटतो त्याच्याकडे मग कोणी नीट पाहत नाही. टेरे होटमध्ये खाणी का बंद पडल्या, तरुण का निघून गेले, कारखान्यातला माणूस आपल्या जुन्या पक्षावर का रुसला, हे प्रश्न येणाऱ्या वार्ताहरांपैकी थोड्यांनीच विचारले. बाकीच्यांना पुढचा अध्यक्ष कोण एवढेच हवे होते. एकशे बत्तीस वर्षांत गाव तीनदा 'चुकले' असे आपण म्हणतो. वस्तुतः ते एकदाही चुकले नाही. १९०८ साली त्याला ब्रायन हवे होते, १९५२ साली स्टीव्हन्सन हवे होते, २०२० साली ट्रम्प हवे होते. त्याने तसे सांगितले. ते आपल्याला पटो वा न पटो, मतदाराने आपले मत सांगितले तर त्यात चूक कसली?

चूक घडली ती १९१४ साली. त्या वर्षी गावाला काय हवे होते हे कळण्याची सोयच काही लोकांनी नाहीशी केली होती. आणि ती चूक दुरुस्त केली ती ज्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती, पण वही आणि पेन्सिल होती, अशा स्त्रियांनी. आम्हांला विचाराल तर या गावच्या साऱ्या इतिहासात मनाशी जपून ठेवण्यासारखे ते एक साल आहे. देवाचा कौल उजवा की डावा हे फुलावर सोडून देता येते. माणसांचा कौल कोणीतरी डोळ्यांत तेल घालून राखावा लागतो.